पारव्यांच्या थव्यात गेलेली पांढरी

माझं आणि काकांचं रोज कशावरून भांडण व्हायचं, सांगते. गंगाखेडला आमच्या गच्चीवर त्यांची पाळीव कबुतरं आहेत आणि सकाळी ते त्यांना उपाशीच उडवतात.

"काका, छळ आहे हा!"

"पोरी, भूक लागली तरच घरी येतेत."

एकदा ते पोखर्णीला देवाला गेले. मी कबुतरांना पोटभर ज्वारी घातली आणि मग सोडलं. ती थेट नदीकाठच्या पारव्यांच्या थव्यात शिरली. मी डबा वाजवला, शिट्ट्या मारल्या, पण एकही वळलं नाही. काकांची लाडकी पांढरी मादीसुद्धा गेली.

दुपारी काका आले. मी रडवेली होऊन हाका मारतच होते.

"वरडू नको. आडवी हो अन् बघत राहा."

आम्ही गच्चीवर पडून राहिलो. राखाडी थवा उन्हात वळला की एक पांढरा ठिपका लकाकायचा. कितीतरी वेळ मी वाद घालायचंच विसरले.

ऊन उतरल्यावर सगळी परतली. पांढरीच्या मागे एक पारवाही उतरला.

"काका, एक जास्तीचं आलं!" मी मूठभर ज्वारी उचलली.

काकांनी माझा हात धरला. "त्याला नको टाकू. त्याच्या घरी वाट बघायलेत."