मावशींच्या सायकलची दोन टोपणं

सन्माननीय अध्यक्ष डॉ. उज्ज्वल गजभिये साहेब, आजच्या सत्कारमूर्ती आदरणीय शैलामावशी, हे सभागृह वर्षानुवर्षं आपल्या मंडळाला वापरू देणारे इथले फादर (ज्यांना माझ्या बोलण्यातलं अक्षरही कळणार नाही, आणि आज ते बरंच आहे) आणि कार्ल्सरूहेच्या मराठी मंडळातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. ‘सुयश, नीट बोल, भांडू नकोस,’ असंही बजावलं आहे. नाही भांडणार, साहेब. मी आज गुन्हा कबूल करायला उभा आहे. तो ऐकल्यावर दुसऱ्या रांगेतली एक व्यक्ती माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, ठाऊक नाही. 

शैलामावशी मूळच्या श्रीरामपूरच्या ख्रिस्ती घरातल्या. तीस वर्षं इथल्या इस्पितळात त्यांनी नर्स म्हणून काम केलं, आणि आता त्या एर्लांगेनला मुलाकडे राहायला चालल्या आहेत. त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला बाकीचे वक्ते आहेतच. मी एवढंच सांगतो की, तिसऱ्या सेमिस्टरला प्राध्यापकांशी वाद घालून मी युनिव्हर्सिटी सोडली, तेव्हा या हॉलमधल्या प्रत्येकाने मला विचारलं, ‘मग आता पुढे काय?’ मावशींनी विचारलं, ‘जेवलास का?’ सायकल दुरुस्तीच्या दुकानात आउसबिल्डुंग, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, मिळवायला चिठ्ठी दिली तीही त्यांनीच.

तर, सध्या लेंट चालू आहे. ख्रिस्ती उपवासकाळ, इकडच्या जर्मनांची फास्टनत्साइट. त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मावशींनी आम्हा तिघांना, म्हणजे मंडळातल्या प्रद्युम्न, हर्षा आणि मला, जेवायला बोलावलं आणि विचारलं, ‘ईस्टरपर्यंत काय काय सोडणार?’ प्रद्युम्न म्हणाला, चॉकलेट. हर्षा म्हणाली, जेवताना मोबाइल. मी खिचडीची तयारी करायला लागलो, कारण उपवास म्हटला की मला साबुदाणाच दिसतो. मावशी म्हणाल्या, ‘तू राग सोड.’

मी म्हटलं, ‘मावशी, साबुदाणा सोपा आहे हो!’

नऊ दिवस सोडला. खरंच. दहाव्या दिवशी, शुक्रवारी, इथेच पाडव्याच्या नाटकाची तालीम होती. प्रद्युम्न नवरा, हर्षा बायको, आणि मी पडदा ओढणारा. वाक्य होतं, ‘अहो, ऐकलंत का?’ हर्षाने ते अकरा वेळा म्हटलं. अकरा! दिग्दर्शकांनी सात वेळाच म्हणायला लावलं होतं. उरलेल्या चार वेळांचं काय?

मी बाहेर आलो. स्टँडला प्रद्युम्नची निळी सायकल उभी होती. दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह काढले, खिशात टाकले आणि घरी गेलो. काय झोप लागली म्हणता!

आता ऐका. मावशींची स्वतःची सायकल आठवड्यापूर्वीच निकालात निघाली होती. निकाल मीच दिला होता: ‘मावशी, हिचं आता काही होणार नाही.’ म्हणून प्रद्युम्नने त्या शुक्रवारी दुपारीच आपली निळी सायकल त्यांना देऊन टाकली होती, आणि त्या तिच्यावरूनच तालमीला आल्या होत्या. मला पत्ता नाही. मावशी दर शुक्रवारी अंथरुणाला खिळलेल्या एका जुन्या मैत्रिणीला सूप घेऊन जातात. त्या दिवशी त्या गारठ्यात, डबा हातात घेऊन, चालत गेल्या. सूप गार. मैत्रीण दाराकडे डोळे लावून पडलेली.

दुसऱ्या दिवशी मावशी सायकल ढकलत माझ्याच दुकानात आल्या. ‘कुणीतरी व्हॉल्व्ह काढलेत रे. त्याला शिव्या देऊ नकोस हं, तुझा उपवास आहे.’ मी खाली मान घालून नवे व्हॉल्व्ह बसवले. जुने माझ्याच खिशात वाजत होते.

मी बौद्ध घरातला. आमच्याकडे पंचशील म्हणतात, आणि चूक झाली तर आपली आपण निस्तरायची. वरून माफ करायला कुणी बसलेलं नाही, असं बाबांनी शिकवलं. हिशेब सरळ. कृपा हा शब्द मला ‘कृपया दरवाजा बंद ठेवा’ एवढाच माहीत. बारा दिवस मी मावशींच्या ओरडण्याची वाट पाहिली. आली ती फक्त थालीपिठं. शेवटी गुरुवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळं ओकून टाकलं.

‘माहीत आहे,’ मावशी म्हणाल्या.

‘कधीपासून?’

‘व्हॉल्व्हवरची टोपणं पाहिली तेव्हापासून. टवाळ पोरं टोपणं गटारात फेकतात. दोन्ही टोपणं पुसून, कॅरिअरच्या रबराखाली नीट अडकवून ठेवणारा या गावात एकच आहे.’

तुम्ही हसताय! पण हात शिस्तीचा असला की डोकं फिरलेलं असतानाही टोपण हरवू देत नाही, त्याला मी काय करू?

मी चिडलो. हो, माफ केलं म्हणून चिडलो. ‘मग बोलला का नाहीत? दोन कानाखाली द्यायच्या!’

‘दिल्या असत्या तर तू सुटला असतास,’ त्या म्हणाल्या. ‘तुला कमावल्याशिवाय मिळालं, तेच झोंबतंय. झोंबू दे. यालाच आम्ही कृपा म्हणतो. आणि मला काय सांगतोस? ज्याच्यावर राग धरलास त्याला सांग.’

म्हणून, प्रद्युम्न, मित्रा, व्हॉल्व्ह मी काढले. तुझी सायकल समजून काढले. तू ती देऊन टाकणारा निघालास आणि मी असा निघालो. मावशी सांगतात की लेंटमधले रविवार उपवासात धरत नाहीत. आजचा तर लेंटमधला आनंदाचा रविवार, म्हणूनच फादरांनी सकाळी गुलाबी झगा घातला होता. तेव्हा चिडायचं असेल तर आज चिडून घे, मुभा आहे.

हे का केलं, ते मी सांगणार नाही. या हॉलमध्ये एक व्यक्ती सोडून ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ती व्यक्ती आत्ता ओढणीत तोंड लपवून हसते आहे, म्हणजे बहुधा तिलाही माहीत आहे.

मावशी, तुम्ही गेल्यावर मला जेवलास का म्हणून कोण विचारणार, देव जाणे. तुमचा देव म्हणतोय मी, आमच्याकडे वर कुणी बसलेलं नाही. काल तुम्ही त्या निळ्या सायकलची चावी हर्षाला दिलीत, माझ्यादेखत. म्हणजे ती आता दुरुस्तीला माझ्याच दुकानात येणार; हेही मी कमावलेलं नाही. हर्षा, आज सकाळी मी ती तपासली आहे. हवा भरली आहे, टोपणं जागेवर आहेत.

मंडळाचे, अध्यक्षांचे आणि तीन मिनिटांची आठ होऊ देणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या, असं शेवटी म्हणायची पद्धत असते, आणि एरवी मी ते पाठ केल्यासारखं म्हटलं असतं. आज खरोखरच मागतो आहे. ज्यांना जमेल त्यांनी माफ करावं.

आणि मी चिडलो, तर दुर्लक्ष करावं.