पत्र्याच्या टपाचा ट्रक

माझ्याइतकी येडी बाई पुऱ्या शहागडात न्हाई. आणीबाणीच्या आधी मी आन् माझी मैत्रीण कमल, नवऱ्यांसंगं दोन ट्रक घेऊन राजस्थानच्या वाळवंटात फिरायला गेल्तो. आमच्या ट्रकवर नुसती ताडपत्री, बसायला पोती. कमलच्या ट्रकला मात्र पत्र्याचा टप, खिडकी, आत लोखंडी पलंग! ती खिडकीतून महाराणीवानी हसायची आन् मी जळायची.

जैसलमेरच्या अलीकडं मला राहवलंच न्हाई. "कमल, आता अदलाबदल कर. वरून लाडवाचा डबा देते."

"बस की, बाई!" ती लगेच उतरली.

दुपारपर्यंत पत्रा असा तापला की पलंगाला हात लागंना. गाड्या थांबल्याबरोबर मी वरडले, "अगं, सांगायचं न्हाई का?"

ताडपत्रीखाली वाऱ्याला बसलेली कमल म्हणली, "निघाल्यापासून तू मागायची वाट बघत व्हते."