आटलेली मोटार

मोटार दुरुस्त झाली की नाही, हे ठरवायचे कुणी? मालकाने, असे मीही समजत होतो.

माझा मित्र मधुकर याची दोन सीटांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. तिला वर टप नाही, म्हणून ती कासार आंबोलीत सरूबाईंच्या गोठ्यात, म्हशीशेजारी उभी असे. भाडे नव्हते. इंजिनातून ठिबकणारे तेल सरूबाई वाटीत धरत आणि म्हशीच्या खुरांना लावत, एवढाच करार.

पिरंगुटच्या बाळू मेस्त्रीने गोठ्यातच चार महिने खपून इंजिन नीट केले. गळती थांबली, आमच्या दोघांसमोर गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मधुकरचे डोळे भरून आले. सरूबाईंनी मात्र वाकून कोरडी वाटी पाहिली.

"आटली की रं ही! काय केलंस हिला?"

"बरी केली, मावशे," बाळू म्हणाला.

"बरी? नुसती हंबरतीया. सायेब, भाकड जनावर आमी हितं ठेवत न्हाई. उद्या सोडून न्या."

पावसाळा आठवड्यावर आलेला आणि दुसरे छप्पर नाही. मधुकर मला म्हणाला, "तू लोकसंस्कृतीचा अभ्यासक ना? समजाव त्यांना."

मी श्रद्धा आणि उपयुक्तता यांच्या परस्परसंबंधाविषयी बोलू लागलो. सरूबाईंनी दोन वाक्ये शांतपणे ऐकून घेतली आणि मधुकरला विचारले, "हे सायेब बी काय देत न्हाईत व्हय?"

अखेर मधुकर खालच्या आवाजात म्हणाला, "बाळू, तेलाचा तो नट पाव फेरी सैल कर."

बाळूने डोळे मिटून नट सैल केला. वाटीत थेंब पडला. सरूबाईंनी बॉनेटला कुंकू लावले आणि त्या समाधानाने म्हणाल्या, "आता झाली दुरुस्त."