मसाल्याचं माप

पेणच्या सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर ठमाबाई ताठ बसल्या होत्या. सून ऋतुजा रिपोर्ट घेऊन आली, तशी सगळ्या रांगेने कान टवकारले.

"आई, मूत्रपिंडावर लहानशी गाठ हाय, चरबीची. कॅन्सर नाय."

"चरबी? मिठागरात जन्म गेला माझा! चरबी शोधायची तर रोह्याला तुझ्या आयशीकडं जा."

"हजारात चार-पाच जणांना असते म्हणे. त्यात बायकाच जास्त."

"बाप्ये कशाला घेतील? फुकटचं ओझं बायांनीच उचलायचं."

"आता वर्षाने नुसतं तपासायचं."

"म्हणजे मी मरत नाय?"

"नाय ओ आई."

"मग मरतेय समजून काल तुला मसाल्याचं माप सांगितलं, ते विसर गो आधी!"