शेवटचं पान काकांकडेच

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाई, व्यासपीठावर बसलेले जुन्या कॉमिक्सचे जाणकार पाहुणे, ज्यांच्यापायी हा सगळा खटाटोप चाललाय ते माझे धाकटे दीर, त्यांना न्यायला आलेली आमची भाची, आणि समोर बसलेल्या, भिंतीला टेकलेल्या, दारात अडकलेल्या सगळ्या मंडळींनो, नमस्कार. कुणी राहिलं असेल तर त्यानं स्वतःच स्वतःला नमस्कार करून घ्यावा. चहा निवतोय.

मला भाषण लिहून दिलं होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या मास्तरांनी. त्यात पहिल्याच ओळीत 'ज्ञानदीप' होता. मास्तर, रागावू नका, तो कागद मी चष्म्याच्या डबीत ठेवलाय. काच पुसायला झकास आहे. मी शिवणकाम करणारी बाई. चौथीनंतर शाळेनं माझा पिच्छा सोडला. मला येतं तेवढंच बोलते.

तर हे आमचे भाऊजी. तुम्ही सगळे त्यांना शेवटकाका म्हणता. नव्या लोकांना वाटतं, हे काय अभद्र नाव. म्हणून आधी ते सांगते.

मी या घरात लग्न करून आले तेव्हा भाऊजींना मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. म्हणायचं भाऊजी, पण कान धरायचा हक्क माझा. पुढे त्यांनी आमच्या जिन्याखालच्या खोलीत कॉमिक्स भाड्यानं द्यायचं दुकान काढलं. चांगलं, वाईट, फाटकं, भिजलेलं, मुखपृष्ठ नसलेलं, मिळेल ते कॉमिक घ्यायचं आणि फळीवर लावायचं. लोक घेऊन जायचे आणि परत काही आणायचे नाहीत. दुकान बसायची वेळ आली. तेव्हा या माणसानं एक युक्ती काढली. प्रत्येक कॉमिकचं शेवटचं पान ब्लेडनं कापून घेतलं आणि सगळी पानं एका पत्र्याच्या ट्रंकेत घालून गल्ल्याशेजारी ठेवली. गोष्ट घरी न्या, लोळत वाचा. शेवट हवाय? मग पुस्तक परत आणा, इथे उभं राहा आणि वाचा.

त्यानंतर एक पुस्तक गेलं नाही. कसं जाईल? खुनी कोण ते कळल्याशिवाय झोप लागते का कुणाला?

लोक शेवट वाचायचे आणि भाऊजी त्यांची तोंडं बघत बसायचे. मी एकदा म्हटलं, धंद्याकडे बघा की. तर म्हणाले, हाच धंदा आहे. आता काय बोलणार?

दुकानात बसायला जागा नव्हती, म्हणून वाचणारे जिन्यावर बसत. माझं मशीन वरच्या खोलीत. दुपारच्या वेळेला मी बटणं, दोरे घेऊन वर जायचे. दारातून पिवळा उजेड तिरपा यायचा, पानं उलटल्याचा आवाज यायचा, बाकी सगळं गप्प. मला वाचायला कुठली सवड? पण खाली बघून पाय टाकावा लागायचा ना. पहिल्या पायरीवर कुणाच्या मांडीवर जंगल उघडलेलं असायचं. तिसऱ्या पायरीवर समुद्र. वळणावर चंद्रावरचं गाव, आणि तिथे एक बाई कपडे वाळत घालत असायची. वर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात सगळ्यांची मिळून एकच गोष्ट झालेली असायची. जंगलातला हत्ती समुद्रात उतरायचा, तिकडून चंद्रावर निघायचा आणि त्या बाईच्या दोरीवरची चादर अंगावर घ्यायचा. मी मशीनवर पाय मारत ती पुढे चालवायचे. एकदा त्या नादात एका सदऱ्याला तिसरी बाही लावली होती. गिऱ्हाईक म्हणालं, ही कुणासाठी? मी म्हटलं, हत्तीसाठी. त्याला कळलं नाही. जाऊ दे.

हे झालं खालचं. आता वरचं.

वर आमचे हे. थोरले. घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. त्यांनाही कॉमिक्सचा नाद, पण त्यांची तऱ्हा वेगळी. वर्षा-दोन वर्षांत एखादं आणायचे, तेही भिंगाखाली धरून पारखून. कोपरा दुमडलेला नको, पिनेला गंज नको. काचेच्या कपाटात ठेवायचे, कुलूप लावायचे. किल्ली घड्याळाच्या साखळीला. दोघं भाऊ जेवायला बसले की रोज हाच विषय. हे म्हणायचे, गोळा करायचं तर असं करावं की बघणाऱ्यानं हात मागे बांधून बघावं. तू पुस्तकं जमवत नाहीस, रद्दी जमवतोस. भाऊजी म्हणायचे, दादा, तू पुस्तकं जमवत नाहीस, काच जमवतोस. मग मी म्हणायचे, दोघांनी आधी ताटातलं संपवा. माझ्या मते दोघंही तितकेच वेडे होते. एकाचं वेड पुसायला सोपं होतं, एवढाच फरक.

हे गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काचेचं कपाट तसंच राहिलं. धूळ मी पुसायचे. बाहेरून.

डॉक्टरीणबाई, तुमची गंमत सांगू का? सांगतेच. अध्यक्ष झालात म्हणून सुटका नाही. एकदा दुकानाला रंग देताना ती ट्रंक उलटी झाली. सगळे शेवट जमिनीवर. भाऊजींनी ते गोळा केले आणि अंदाजानं पुस्तकांबरोबर लावले. पूर्ण उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकांनी भलतेच शेवट वाचले. चोराच्या गोष्टीच्या शेवटी लग्न. लग्नाच्या गोष्टीच्या शेवटी जहाज बुडालं. आणि गंमत म्हणजे तक्रार एकाचीही नाही. सगळे आपले मान डोलवून घरी गेले. चूक कळल्यावर भाऊजी एकेकाला बोलावून खरा शेवट दाखवायला लागले. तेव्हा दोन वेण्या घातलेली एक मुलगी म्हणाली, मला नको, माझ्या गोष्टीत लांडगा राजा झालाय, तोच बरोबर आहे. आजही या बाई दवाखान्यात लहान मुलांना सुई टोचताना तीच गोष्ट सांगतात. लांडगा अजून राजाच आहे. हो की नाही? बघा, मान हलवतायत.

आता मुद्द्यावर येते. भाऊजींचे गुडघे गेले. जिन्याखाली सारखं वाकून ये-जा करणं जमत नाही. मी बघितलं असतं, पण मीच उठताना भिंत शोधते. भाची म्हणाली, मामा, माझ्याकडे चला. पोर सोन्यासारखी आहे. पण घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आणि जागा बेताची. तिनं सरळ सांगितलं, मामा, तुमच्यासाठी एक कपाट रिकामं केलंय, त्यात मावेल ते आणा. तिचं काही चुकलं नाही. घर म्हणजे काय गोदाम?

आणि इथे हा माणूस अडला. शनिवारी टेम्पो येणार आणि कपाटात काय भरायचं ते ठरेना. दुकानातलं निवडायला बसायचे. एक बाजूला काढायचे, उघडून वाचत बसायचे, पुन्हा फळीवर ठेवायचे. संध्याकाळी बाजूला काढलेलं काहीच नाही. जेवण अर्धवट टाकून उठायला लागले.

मग भाचीनं या पाहुण्यांना आणलं. पाहुणे जाणकार आहेत, त्यांच्या घरी नुसत्या कॉमिक्ससाठी एक खोली आहे, थंड हवेची. त्यांनी पांढरे हातमोजे घातले. मला वाटलं, आता कुणाला तपासतायत की काय. वरच्या काचेच्या कपाटासमोर उभे राहिले आणि खरंच हात मागे बांधले. आमचे हे असते तर त्यांना जेवायलाच ठेवून घेतलं असतं. म्हणाले, एकेक रत्न आहे, अजून उघडलेलंसुद्धा नाही. मग खाली दुकानात गेले. दोन-चार काढून मागून उघडली. म्हणाले, काका, यात एकालाही शेवटचं पान नाही, हा संग्रह नाही, हे फक्त वजन आहे. वाईट हेतूनं नाही बोलले. त्यांच्या हिशोबानं बरोबरच. त्यांनी सल्ला दिला, वरची थोडी भाचीकडच्या कपाटात लावा, खालचा ढीग द्या टाकून. भाचीलाही पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, चला, सुटला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली गेले, तर भाऊजी त्या ट्रंकेवर बसलेले. दार उघडं, उजेड तसाच तिरपा. जिना रिकामा. हल्ली जिन्यावर कोण बसतं? मी म्हटलं, अहो, निवडायला एवढं काय आहे? दादाची चांगली आहेत, ती न्या.

तेव्हा ते बोलले. हळूच. म्हणाले, "वहिनी, दादाची नेईन. छान दिसतील. पण मग तिथे कुणी माझ्याकडे यायचं काय कारण?"

मी तशीच मागे फिरले.

मी वर गेले. मशीनवर बसले, पण दोरा सुईत जाईना. काचेच्या कपाटाकडे बघत राहिले. त्यात एक पुस्तक आहे, ते तेवढं मला ठाऊक आहे. नवीन लग्न झालेलं असताना ह्यांनी ते मला वाचून दाखवलं होतं. हात धुऊन, पंच्याला पुसून, पान वरच्या कोपऱ्यातून अलगद उचलून. एका तळ्याच्या तळाशी एक गाव बुडालेलं असतं. रोज संध्याकाळी पाण्याखालून घंटा ऐकू येते. एक बाई कंदील घेऊन खाली उतरते, घंटा कोण वाजवतं ते बघायला. पाण्याखालच्या घरांच्या खिडक्यांत दिवे लागलेले असतात, आणि माशांच्या सावल्या अंगणात फिरत असतात. ती एका दारापाशी येते, दारावर हात ठेवते. आणि मला झोप लागली. दिवसभर मशीन मारलेलं, काय करणार? सकाळी पुस्तक कपाटात होतं. हे म्हणाले, रविवारी पुढचं वाचू. रविवारी सदरे द्यायचे होते. मग पुढचा रविवार. असे रविवार गेले, आणि मग वाचणारा माणूस गेला. किल्ली माझ्याकडेच आली, पण मी काही ते उघडलं नाही. का, ते विचारू नका. किती रात्री मी त्या दाराशी जाऊन उभी राहिले आहे. दार अजून बंद आहे. कंदील अजून पेटलेला आहे.

तर त्या दुपारी मी किल्ली लावली. माझी कापडाची कात्री घेतली. शिवणाऱ्या बायका बसल्यात समोर, त्यांना ठाऊक आहे, कापडाची कात्री कागदाला लावली की धार मरते. ती कात्री मी उभ्या आयुष्यात कागदाला लागू दिली नव्हती. पुस्तकं घेऊन खाली आले, पायरीवर बसले आणि पहिल्याचं शेवटचं पान कापलं.

पाहुणे, पाणी घ्या. थोडं थांबा, पुढे अजून आहे.

भाऊजी ओरडले, "वहिनी, दादाचं आहे ते!" मी म्हटलं, तुमच्या दादाचं म्हणजे माझंच. एकेक करून सगळी कापली. तळ्याचं पुस्तक आलं तेव्हा मात्र ते उलटं धरलं, मान वळवली आणि नजर न टाकता कापलं. पान पालथं भाऊजींच्या हातात दिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं लोकांची तोंडं बघितलेला माणूस तो. त्यांनी ते पान छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

मग आम्ही दोघांनी ती ट्रंक उचलून बघितली. सगळे शेवट, त्यांचे आणि ह्यांचे, एका ट्रंकेत. भाचीच्या कपाटात ट्रंक मावते, वर दोन धोतरं ठेवायला जागासुद्धा उरते. थोडं की पुष्कळ, चांगलं की फाटकं, हा वाद दोघं भाऊ जन्मभर घालत बसले. पाहुण्यांनी तो निकाली काढला होता. मी परत उघडला. माझ्यापुरतं म्हणाल, तर ज्याचा शेवट विचारायला कुणीतरी येतं, ते पुस्तक चांगलं. अशी पुष्कळ असली तर बिघडलं काय?

म्हणून आता नीट ऐका. बाहेर पडताना दोन्ही बाजूंना टेबलं लावलीत. त्यावर दुकानातली सगळी पुस्तकं आहेत आणि काचेच्या कपाटातलीही आहेत, मिसळून. प्रत्येकानं एक उचलायचं. हातमोजे लागणार नाहीत. घरी न्या, लोळत वाचा, चहा सांडला तरी चालेल. शेवटचं पान कशालाच नाही. ते काकांकडे. पुस्तकाच्या आत भाचीच्या घराचा पत्ता चिकटवलाय, बस कुठली तेही लिहिलंय. दाराशी जाऊन पुस्तक दाखवायचं, आत उभं राहून शेवट वाचायचा, आणि वाचताना तोंड लपवायचं नाही. भाची, तुझ्या घरी वर्दळ होणार. तू बरी सापडलीस. पाहुण्यांनीसुद्धा एक घ्यायचंय. मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय, ते तुम्ही हात मागे बांधून बघितलेलंच आहे. आता हात पुढे करा.

बस. अध्यक्षबाईंनी दवाखाना बंद ठेवून वेळ दिला, पाहुणे बोलणी खाऊनही बसून राहिले, हॉलवाल्यांनी दिवे लावले, तुम्ही घामाघूम होऊन ऐकलंत, सगळ्यांचे आभार. मला रीतभात येत नाही. कुणाला जास्त बोलले असेन, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, मास्तरांचा कागद न वाचल्याबद्दलही, सगळ्यांनी सांभाळून घ्या.

आणि भाऊजी, तळ्याच्या गोष्टीचं ते पान ट्रंकेत अगदी खाली ठेवा. ते पुस्तक तेवढं मी टेबलावर ठेवलेलं नाही, ते घेऊन येईन. रविवारीच येईन. तुम्ही शोधत बसा, मला बसायला स्टूल द्या. त्या दिवशी मला कुणाचाही सदरा द्यायचा नसेल.