पप्पांची गोष्ट

रिओआचा या समुद्रकाठच्या शहरातल्या दवाखान्यात डोळे तपासायच्या रांगेत दोन म्हाताऱ्या बहिणी माझ्या पुढे बसल्या होत्या.

“ओतिलियाताई, लिहितेस का गं हल्ली?”

“बसते रोज. एक ओळ लिहिली, की तुझा चेहरा दिसतो. मग खोडते.”

“माझा?”

“पप्पांची गोष्ट छापून आली तेव्हा तू म्हणालीस, ‘बापाची दारू चव्हाट्यावर मांडलीस.’ त्यानंतर काही जमलंच नाही बघ.”

“अगं, इतकी वर्षं तेच धरून बसलीस?”

“मी कुठे धरलं? सुटलंच नाही.”

“ताई, खरं सांगू? मी ती गोष्ट वाचलीच नव्हती.”

“काय?”

“मासळीबाजारात बायका बोलल्या, ते ऐकून तुझ्यावर तोंड सोडलं.”

“निदिया! एकदा वाचायचीस तरी.”

“चुकलंच माझं. आता तर अक्षरही दिसत नाही. तूच सांग, सुरुवात कशी होती?”

“‘आमचे पप्पा कितीही पिऊन आले, तरी आधी जाळं नीट घडी करून ठेवायचे आणि मग आम्हाला भरवायला बसायचे.’”

“हो गं... आणि माशातला काटा न् काटा काढायचे.”

“हे मला आठवलंच नव्हतं. लिहिताना तुला विचारायला हवं होतं.”

“मग आता विचार ना.”