नळाचं पाणी आणि मामांची टोपी

नव्या घरातलं पाणी दोषी ठरलं, तर नवऱ्याला पुन्हा आईकडे राहायला जाता येणार होतं. म्हणून तो नळाचं पाणी बाटलीत भरून केसांच्या डॉक्टरांकडे आला होता. शेजारी बायको, तिच्या मांडीवर पाच महिन्यांची मुलगी. समोरच्या बाकावर माझ्या नंबरची वाट बघत मी.

"तुझेही गळतायत. म्हणजे पाणीच."

"माझे बाळंतपणानंतर गळायला लागले. तुमचे लग्नाच्या फोटोतच मागे सरकलेत."

"फोटोग्राफरने दिवा फार वर धरला होता."

"तुमच्या एकट्यावर?"

"आईकडे होतो तेव्हा उशीवर एक केस दिसायचा नाही."

"उशी रोज सकाळी त्या झटकायच्या."

नंबर आला. दोघं आत गेली आणि पंधरा मिनिटांनी औषधांसाठी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली.

"बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी."

"वडील, काका, मामा, सगळ्यांची चौकशी मात्र केली."

"मामा टोपी घालतो, एवढंच मी सांगितलं."

"टोपीखालचं मी सांगितलं."

"आनुवंशिक म्हणे. औषधाने आहेत ते टिकले तर टिकतील."

"माझे वर्षभरात भरून येतील म्हणाले."

"म्हणजे घर काही सोडायचं नाही."

"आईंनाच बोलवू की चार दिवस राहायला. नातीला बघतील, तुमचं कौतुकही करतील."

"खरंच बोलावशील?"

"आजच फोन करा."

"बरं. तुला घर मिळालं, केस मिळणार, आईला नात मिळाली. गेलं ते माझंच."

"गेलं कुठे? घ्या हिला. थापट्या मारायला हिला ऐसपैस कपाळ मिळालंय."